डॉक्टर हॅरी मिलर आणि सोयाबीनचे दूध

आईचे दूध आटले, किंवा आईच देवाघरी गेली, आणि घरी गाय नाही, अशा वेळी तान्ह्या मुलाला काय पाजावे? हा प्रश्न आमच्या खेड्यांतील कितीतरी घरांना पडून गेला आहे. त्याचे उत्तर पुष्कळ वेळा पेजेच्या वाटीने दिले गेले, आणि काही वेळा ते कबरस्तानात जाऊन संपले. ह्या एका प्रश्नाला ज्यांनी आपल्या आयुष्याची पुष्कळ वर्षे वाहिली, त्या डॉक्टर हॅरी विलिस मिलर ह्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. चीन देशात व अमेरिकेत त्यांचे नाव फार मोठे झाले. आमच्या मंडळ्यांतून मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही, आणि ज्या पिकाने त्यांना कीर्ती दिली ते पीक तर आता आमच्या मराठवाड्यात व विदर्भात बांधापासून बांधापर्यंत उभे असते.

अमेरिकेतील ओहायो संस्थानात लडलो फॉल्स नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ता. १ जुलै १८७९ रोजी मिलरसाहेबांचा जन्म झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी डॉक्टर जॉन हार्वे केलॉग ह्यांच्या देखरेखीखाली चाललेल्या मेडिकल मिशनरी कॉलेजात घेतले व सन १९०२ साली ते डॉक्टर झाले. हे कॉलेज सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीचे होते. ही मंडळी शनिवारी शब्बाथ पाळते व मांसाहार टाळण्याचा उपदेश करते, हे आमच्या वाचकांस माहीत आहेच. शब्बाथाविषयी त्यांचे व आमचे मत एक नाही. तो वाद येथे काढण्याचे कारण नाही. परंतु केलॉगसाहेबांच्या पंगतीला बसून शेंगा, दाणे व कडधान्ये ह्यांपासून दुधासारखे पदार्थ करता येतात, हे मिलरसाहेबांनी तरुणपणीच पाहिले, आणि ते पाहिलेले पुढे उपयोगी पडले, म्हणून त्याचा उल्लेख करणे भाग आहे.

सन १९०३ साली ते चीनला निघाले. बरोबर त्यांची पत्नी मॉडबाई होत्या; त्याही डॉक्टरच होत्या. शिवाय डॉक्टर सेल्मन व त्यांची पत्नी हेही वैद्यकीय जोडपे सोबत होते. समुद्रकाठच्या मोठ्या शहरांत न राहता ही मंडळी आत होनान प्रांतात गेली. मिलरसाहेबांनी चिनी लोकांचा पोशाख धारण केला, डोक्याचा पुढील भाग मुंडवून मागे त्यांच्यासारखी वेणी ठेवली आणि त्यांचेच अन्न खाण्यास आरंभ केला. त्या काळी पुष्कळ मिशनरी साहेबांना हे रुचत नसे. आमच्या मते, परक्या लोकांच्या घरात काय शिजते व मुलांच्या तोंडी काय जाते हे मिलरसाहेबांना कळले त्याचे कारण त्यांची ही वागणूकच होय. जो वेगळ्या टेबलावर डब्यातले अन्न जेवतो त्याला शेजारच्या चुलीवर काय आहे ते कसे दिसावे?

दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, सन १९०५ च्या मार्च महिन्यात, मॉडबाई मरण पावल्या. त्यांना झालेला रोग स्प्रू होता असे पुढे ठरले. ह्या रोगात मनुष्य जेवतो, परंतु आतड्यांचे आतील अस्तर बिघडलेले असल्यामुळे अन्नातील सत्त्व रक्तात शिरत नाही. ताट भरलेले असते आणि शरीर उपाशी असते. तरुण पती डॉक्टर, पत्नी डॉक्टर, आणि तरीही त्या काळच्या वैद्यकाजवळ ह्या रोगावर उपाय नव्हता. तोंडात गेलेले अन्न व अंगी लागलेले अन्न ह्यांत केवढे अंतर असू शकते, ह्याचा धडा मिलरसाहेबांना पुस्तकाबाहेर मिळाला तो असा.

पत्नीच्या मरणानंतरही ते चीन सोडून गेले नाहीत. बरोबर आणलेला छोटा छापखाना चालवून त्यांनी चिनी भाषेत पत्रके व नियतकालिक छापण्यास सुरुवात केली होती. ते काम पुढे शांघायला नेले व वाढविले. त्यांनी मेरी आयव्हर्सन ह्यांच्याशी दुसरा विवाह केला. परंतु सन १९११ च्या सुमारास प्रकृती अगदी ढासळल्यामुळे त्यांना अमेरिकेस परतावे लागले. तेथे वॉशिंग्टन शहराजवळील टाकोमा पार्क येथील सॅनिटेरियमचे ते वैद्यकीय प्रमुख झाले आणि गलगंडाच्या शस्त्रक्रियेत त्यांनी फार मोठे नाव मिळविले. गळ्यावरच्या त्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव होऊन रोगी दगावण्याचे भय त्या काळी मोठे असे. मिलरसाहेबांचा हात असा बसला की लांबून रोगी त्यांच्याकडे येऊ लागले. गलगंड हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे तो पुन्हा यावयाचा आहे.

सन १९२५ मध्ये ते पुन्हा चीनला गेले आणि सन १९२८ मध्ये शांघाय येथे त्यांच्या प्रयत्नाने मोठे इस्पितळ उघडले. ह्या काळात देशातील पुढाऱ्यांशी त्यांचा परिचय झाला. मांचुरियाचे तरुण सेनापती चांग शुएलियांग अफू व मॉर्फिन ह्यांच्या व्यसनात पुरते बुडाले होते. सन १९३३ मध्ये मिलरसाहेबांनी त्यांना त्यातून सोडविले आणि त्या गृहस्थांनी कृतज्ञतेने इस्पितळाच्या कार्यास मोठी देणगी दिली. सेनापतींची गोष्ट चरित्रकारांना फार आवडते. आम्हांस मात्र त्याच शहरातील गरीब वस्तीत मरणारी लेकरे अधिक महत्त्वाची वाटतात, आणि मिलरसाहेबांनाही तसेच वाटत असावे असे त्यांच्या पुढील कामावरून दिसते.

चीन देशात दुभत्या गायी थोड्या. हिंदुस्थानात जसे गरिबाच्या दारातही एखादी गाय, म्हैस किंवा निदान शेळी आढळते, तसे त्या देशाच्या मोठ्या भागात नव्हते. परदेशातून डब्यात भरून आलेले दूध मिळे, परंतु त्याची किंमत मजुराच्या आवाक्याबाहेर असे. शिवाय पुष्कळ चिनी मोठ्या माणसांना दुधातील साखर पचत नाही. बालपण सरल्यावर ती पचविणारा रस त्यांच्या आतड्यांत कमी होत जातो, म्हणून दूध पिण्याची चालच तेथे पडली नव्हती. आई गेली म्हणजे दाई ठेवावी, तिला द्यावयास पैसे नसले म्हणजे तांदळाची पेज पाजावी. पेजेने पोट भरते, रडणे थांबते, परंतु अंग धरत नाही. असे मूल काही महिन्यांत सुकून जाई, किंवा अंगावर सूज चढून मरे.

आता सोयाबीनचे दूध मिलरसाहेबांनी शोधून काढले असे जे कोठे कोठे सांगितले जाते ते बरोबर नाही. भिजवलेले सोयाबीन दगडी जात्यावर पाणी घालून दळावे, फडक्यातून गाळावे, चोथा टाकून पांढरा रस उकळावा, ही रीत चिनी लोकांना त्यांच्या जन्माच्या शेकडो वर्षे आधीपासून ठाऊक होती. तो रस सकाळी नाश्त्याला मोठी माणसे पीत, किंवा त्याचे विरजण करून पनीरासारख्या वड्या पाडीत. परंतु तान्ह्या मुलांना तो कोणी पाजीत नसे, आणि त्याला कारण होते. पाजला तर पोट फुगे, ढाळ लागे, मूल ओकून टाकी. मोठ्यांनाही त्याचा उग्र, कच्च्या शेंगेसारखा वास पुष्कळदा सोसत नसे.

ह्याचे मर्म काय होते ते आज आपण अधिक स्पष्टपणे सांगू शकतो. सोयाबीनमध्ये प्रथिन भरपूर असते. कोरड्या दाण्याच्या शंभर भागांत सुमारे छत्तीस ते चाळीस भाग. इतके आपल्या कोणत्याही डाळीत नाही. परंतु परमेश्वराने त्या दाण्याला स्वतःच्या रक्षणासाठी एक कुलूपही दिले आहे. त्यात एक द्रव्य असे आहे की ते आपल्या आतड्यांतील प्रथिन पचविणाऱ्या रसाला, म्हणजे ट्रिप्सिनला, बांधून ठेवते. प्रथिन आत गेले, परंतु ते फोडणारा रसच बांधला गेला, तर ते रक्तात शिरावे कसे? अमेरिकेतील ऑस्बोर्न व मेंडेल ह्या दोन शास्त्रज्ञांनी सन १९१७ साली उंदरांवर प्रयोग करून दाखविले की कच्चे सोयाबीन खाणारी पिले वाढत नाहीत, आणि तेच सोयाबीन नीट शिजवून दिले तर वाढतात. ते कुलूप कोणते, हे पुढे सन १९४५ साली कुनिट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने ते द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात वेगळे काढून दाखविले. उष्णतेने ते नाश पावते. मात्र उष्णता पुरेशी हवी. नुसती एक उकळी आणून उतरविलेल्या रसात त्याचा बराच अंश शिल्लक राहतो.

मिलरसाहेबांनी शांघायमध्ये इस्पितळाच्या कामातून वेळ काढून वर्षानुवर्षे ह्या रसाचे प्रयोग केले. कधी दाणे निराळ्या रीतीने दळावेत, कधी साल आधी काढावे, कधी तेल निराळे मिसळावे. वास जाता जाईना. शेवटी त्यांनी रस नुसता चुलीवर न उकळता त्यातून प्रत्यक्ष वाफ सोडून तो शिजविण्याची युक्ती साधली. वाफेने कच्चेपणा व पुष्कळसा वास निघून जाई आणि उष्णता साऱ्या रसाला सारखी लागे. ह्याविषयी त्यांनी स्वतः एक गोष्ट सांगून ठेवली आहे. कामात गढलेले असता, हे दूध वाफेवर आणखी वेळ का शिजवीत नाहीस, अशा अर्थाचे बोलणे त्यांना आपल्या पाठीमागून ऐकू आले; वळून पाहतात तो कोणी नाही. देव आपल्या सेवकांशी कसा बोलतो ह्याविषयी आम्ही येथे वाद घालीत नाही. एवढे मात्र म्हणतो, की ज्याने ते काम वर्षानुवर्षे केले होते व पुष्कळदा बिघडविले होते, त्यालाच त्या बोलण्याचा अर्थ कळला. रस्त्याने जाणाऱ्याला तेच शब्द ऐकू आले असते तर काय उपयोग?

येथे न्यायाने आणखी एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. पेकिंग येथील वैद्यकीय महाविद्यालयातील अर्नेस्ट त्सो ह्या चिनी डॉक्टरांनी सन १९२८ साली एका तान्ह्या बाळाला आठ महिने सोयाबीनच्या दुधावर वाढविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. वाट अगदीच नवी नव्हती. परंतु एका बाळाला प्रयोगशाळेच्या नजरेखाली वाढविणे निराळे, आणि रोज शेकडो घरी बाटली पोहोचविणे निराळे. मिलरसाहेबांनी आपल्या दवाखान्यात बाळांना हे दूध देऊन त्यांची वजने, जुलाब, ताप ह्यांची नोंद ठेविली, आणि सन १९३६ साली डॉक्टर वेन ह्यांच्यासह त्याविषयीचा लेख चीनच्या वैद्यकीय मासिकात छापला. नीट तयार केलेल्या ह्या दुधावर मुलांची वाढ समाधानकारक होते असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच साली शांघायमध्ये दुधाचा कारखाना उभा राहिला. साधे दूध, आणि विरजणाच्या उपयुक्त जंतूंनी आंबविलेले दूध, अशा बाटल्या शहरात जाऊ लागल्या.

पुढच्याच साली, सन १९३७ मध्ये, जपानी सैन्याने शांघायवर हल्ला केला आणि बॉम्बच्या वर्षावात कारखाना नष्ट झाला. सुरू होऊन वर्षही झाले असेल नसेल. मिलरसाहेब वूहान शहराकडे गेले व तेथील इस्पितळात जखमी लोकांची सेवा करू लागले. सन १९३९ मध्ये ते अमेरिकेत परतले तेव्हा त्यांचे वय साठ वर्षांचे होते. पुष्कळ लोक त्या वयात पेन्शनीचा विचार करतात. त्यांनी ओहायो संस्थानात माउंट व्हर्नन येथे नवा कारखाना काढला.

अमेरिकेत गायींचा तुटवडा नव्हता. तेथे अडचण निराळीच आली. गोठ्यांच्या व दुधाच्या धंद्यातील लोकांना दूध हा शब्द शेंगेला लावणे मान्य नव्हते. तेव्हा लॅटिन भाषेत दुधाला जो शब्द आहे तो जोडून सोयालॅक असे नाव ठेवण्यात आले. नावाचा हा तंटा वाचून हसू येते, परंतु त्यात एक खरा मुद्दा दडलेला होता. पांढरे दिसते म्हणून ते गायीच्या दुधाच्या बरोबरीचे झाले काय? ह्याचे उत्तर मिलरसाहेबांच्या शिष्यांनी सरळ होय असे दिले, गोठेवाल्यांनी सरळ नाही असे दिले, आणि खरी गोष्ट दोघांच्या मध्ये होती.

प्रथिनाचे पाहू. घट्टसर काढलेल्या सोयाबीनच्या दुधात शंभर ग्रामांमागे सुमारे तीन ग्राम प्रथिन असते. गायीच्या दुधात किंचित अधिक. नीट शिजविलेले असेल तर सोयाबीनच्या प्रथिनाचे शंभर भागांपैकी नव्वदांहून अधिक भाग पचतात, म्हणजे येथे फार मोठे अंतर नाही. त्यातील मिथिओनिन नावाचा एक घटक मात्र कमी पडतो, म्हणून तान्ह्यांसाठीच्या तयार पुडीत तो पुढे वरून घालू लागले.

कॅल्शियमचे निराळे आहे. गायीच्या शंभर ग्राम दुधात सुमारे एकशेवीस मिलिग्राम कॅल्शियम असते व त्यातील साधारण तिसरा हिस्सा शरीर घेते. घरी काढलेल्या सोयाबीनच्या दुधात सुमारे पंचवीस मिलिग्रामच असते. नवल असे की सोयाबीनमध्ये फायटेट नावाचे अडथळा करणारे द्रव्य असूनही, जे कॅल्शियम त्यात आहे ते बऱ्यापैकी शोषले जाते. उणीव शोषणाची कमी, प्रमाणाची अधिक. म्हणून कारखान्यात चुना वरून घालतात. तोही कोणत्या रूपात घातला ह्यावर पुष्कळ अवलंबून असते. कॅल्शियम कार्बोनेट घातलेल्या सोयादुधातून तो जवळजवळ गायीच्या दुधाइतका शोषला जातो असे सन २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. त्याआधी सन २००० च्या प्रयोगात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट घातलेल्या दुधातून मात्र गायीच्या दुधाच्या सुमारे तीन चतुर्थांश इतकाच शोषला गेला होता. आणि घातलेला चुना डब्याच्या तळाशी बसतो. डबा न हलविता वरचे ओतून घेतले तर चुना तळाशीच राहतो. जे मूल वरचे दूध प्याले त्याला छापील आकड्यांचा काय उपयोग!

लोहाच्या बाबतीत दोन्ही दुधे उणीच आहेत. सोयाबीनमध्ये लोह पुष्कळ, परंतु फायटेटमुळे फार थोडे रक्तात जाते. लिंबू, पेरू, आवळा अशा आंबट फळांच्या सोबतीने ते वाढते. गायीच्या दुधात मुळातच लोह अगदी थोडे, शिवाय एक वर्षाखालील बाळाला तेच मुख्य अन्न म्हणून दिले तर आतड्यांतून सूक्ष्म रक्तस्राव होऊन पंडुरोग होऊ शकतो. गायीचे दूध म्हणजे आईच्या दुधाची जागा, अशी जी आमच्याकडे समजूत आहे ती म्हणूनच दुरुस्त केली पाहिजे. बी-१२ हे जीवनसत्त्व गायीच्या दुधात असते. शेंगेत, दाण्यात, धान्यात ते नसतेच. वरून घातल्यावाचून कोणतेही वनस्पतीचे दूध ते देऊ शकत नाही.

आता तो गलगंड. सोयाबीनच्या पिठापासून केलेल्या पुडीवर वाढणाऱ्या काही अमेरिकन बाळांच्या गळ्याला सूज आल्याचे सन १९५९ व १९६० च्या सुमारास डॉक्टरांच्या ध्यानात आले. तपासता कळले की तो गलगंडच होय. गळ्यातील ग्रंथीचा रस पित्तावाटे आतड्यांत येतो व तेथून त्याचा काही भाग शरीर परत घेते. सोयाबीनच्या आहारात तो परत न शोषता मळावाटे अधिक जाऊ लागतो, आणि दुधात आयोडीनही पुरेसे नव्हते. आयोडीनचा अगदी सूक्ष्म अंश पुडीत घालताच हा रोग नाहीसा झाला. ज्या पुरुषाने हजारो गलगंड कापून काढले त्याच्याच आवडत्या दाण्याने बाळांच्या गळ्याला सूज आणावी, हा योग मोठा विलक्षण आहे. ह्यात त्यांचा कमीपणा आहे असे आम्ही समजत नाही. त्यांना जेवढे ठाऊक होते तेवढ्यावर त्यांनी मुले जगविली. न ठाऊक असलेले पुढच्यांनी शोधून भरून काढले.

मिलरसाहेबांनंतरच्या काळात तांदळाचे, बदामाचे, ओटचे अशी नाना प्रकारची दुधे शहरांतील दुकानांत आली आहेत. त्यांची पांढरी धार पाहून ती सारी एकाच मापाची आहेत असे भोळ्या माणसाला वाटते. तांदळाच्या व बदामाच्या दुधात शंभर ग्रामांमागे प्रथिन बहुधा एक ग्रामही नसते. सन २००१ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी दोन लहान मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. एकाला आईबापांनी सद्‌बुद्धीनेच तांदळाचे दूध पाजले होते. त्याच्या अंगावर सूज आली, कातडी सोलली, म्हणजे दुष्काळातील मुलांना होतो तोच प्रथिनाच्या अभावाचा रोग त्याला झाला. दुसऱ्याला बाजारातले साधे सोयापेय दिले होते, तान्ह्यांसाठी केलेली पुडी नव्हे. त्याला मुडदूस झाला. घरे खाऊनपिऊन सुखी होती. पूर्वी होनान प्रांतातील झोपडीत पेजेच्या वाटीने जे झाले तेच येथे सुंदर छापील डब्याने झाले. सन २००३ साली इस्राएल देशात एका कारखान्याच्या सोयापुडीत ब-१ जीवनसत्त्व पडावयाचे राहिले, आणि केवळ त्या एका उणिवेने काही तान्ही बाळे मरण पावली व काही जन्माची अधू झाली.

आमच्या गावांतील बहुतेक सोयाबीन तेलाच्या गिरणीला जाते व त्याची पेंड कोंबड्यांना घातली जाते. पिकविणाऱ्याच्या घरी ते क्वचितच शिजते. वर्षाच्या वरच्या मुलांना व मोठ्यांना भाकरी, भाजी, डाळ ह्यांच्या जोडीला त्याचे दूध अवश्य द्यावे. दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, पाट्यावर किंवा मिक्सरवर बारीक वाटून गाळावे व मग उकळावे. पहिला फेस लवकर वर येतो. तो पाहून पातेले उतरवू नये, कारण फेस आला म्हणजे रस शिजला असे नव्हे. आच मंद करून, ढवळीत, पुढे पंधरा-वीस मिनिटे तरी उकळू द्यावे. अर्धकच्चे प्याल्याने मळमळ, ओकारी व ढाळ होतात. परंतु तान्ह्या बाळाला हे घरगुती दूध आईच्या दुधाच्या जागी कधीही देऊ नये. पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध, आणि आई नसेल तर सरकारी दवाखान्यातील डॉक्टर किंवा नर्सबाई सांगतील ती तान्ह्यांची पुडी, स्वच्छ उकळलेल्या पाण्यात, सांगितलेल्या मापानेच. पुडी पुरावी म्हणून पाणी वाढवून ती पातळ करण्याची जी चाल काही घरी दिसते ती पेजेचीच दुसरी रीत होय.

मिलरसाहेबांच्या चरित्राकडे परत येऊ. माउंट व्हर्ननचा व्यवसाय त्यांनी पुढे आपल्या मंडळीच्या लोमा लिंडा येथील अन्नसंस्थेच्या स्वाधीन केला. मेरीबाई सन १९५० मध्ये वारल्या. नंतर त्यांनी मेरी ग्रीर ह्यांच्याशी विवाह केला. चीनमध्ये राज्यक्रांती झाल्यामुळे शांघायचे दार बंद झाले होते, तेव्हा सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ फोर्मोसा बेटावर गेले, आणि तैपे येथे सन १९५५ मध्ये इस्पितळ उघडले. पुढल्या साली च्यांग काय-शेक ह्यांच्या सरकारने त्यांना मोठा सन्मान दिला. तेथून हाँगकाँग, तेथेही इस्पितळासाठी पैसा जमविणे, जागा पाहणे, शस्त्रक्रिया करणे, आणि जेथे जातील तेथे सोयाबीनचे जाते बसविणे. 

ता. १ जानेवारी १९७७ रोजी कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे सत्त्याण्णव वर्षांच्या वयात त्यांनी देह ठेविला. मॉडबाईंना होनानच्या मातीत ठेविल्याला तेव्हा जवळजवळ बहात्तर वर्षे झाली होती.